अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी: आधी ओहम, मग वॅट

अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती वॅटचा?’ मग ५० वॅटच्या स्पीकरला ५० वॅटचा अ‍ॅम्प मिळाला की जोडी जमली असं समजून तो घरी येतो. महिन्याभरात एक तर ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) मुका होतो, नाहीतर अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जायला, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद व्हायला लागतो. वॅट जुळवणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात कमी नाजूक पाऊल आहे. स्पीकर किती ओहमचा आहे, तो किती सेन्सिटिव्ह आहे (म्हणजे तेवढ्याच वॅटला किती मोठा आवाज देतो), खोली केवढी आहे आणि अ‍ॅम्प तेवढा करंट देऊ शकतो का, हे आधी ठरवायचं असतं. खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा; मधली एखादी गाळली तर पुढच्या पायरीचा आकडा फसवा निघतो.

हे सगळं दोन चॅनेलच्या स्टीरिओ अ‍ॅम्पसाठी आणि ज्यांच्यात स्वतःचा अ‍ॅम्प नाही अशा पॅसिव्ह स्पीकरसाठी आहे. स्पीकरला थेट विजेची पिन असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह आहे. त्याला बाहेरच्या अ‍ॅम्पची स्पीकर वायर कधीच जोडायची नाही.

## हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, वायर सोलायचं साधन, दीड व्होल्टचा एक सेल, अडीच-तीन फूट सुटी वायर, मास्किंग टेप आणि पेन. जुना किंवा दुरुस्त केलेला अ‍ॅम्प असेल तर इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्डही लागेल, म्हणजे फिलामेंटचा ६० ते १०० वॅटचा बल्ब मेन्सच्या वायरमध्ये सिरीजमध्ये जोडलेला बोर्ड. एलईडी बल्बने हे काम होत नाही.

मल्टिमीटर अगदी स्वस्तातला पिवळा असला तरी ओहम आणि डीसी मिलिव्होल्ट मोजायला पुरतो. त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज बहुधा २०० व्होल्टची असते, त्यामुळे दोन-तीन व्होल्ट एसी त्यावर नीट वाचता येत नाहीत. चौथ्या पायरीतल्या मोजणीसाठी २० व्होल्टची किंवा ऑटोरेंजची एसी असलेला मीटर मागून आणा.

## पायरी १: मागची पाटी वाचा, खोक्यावरची नाही

स्पीकरच्या मागच्या पाटीवरून तीन गोष्टी लिहून घ्या: इम्पिडन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा (४, ६ की ८ ओहम), सेन्सिटिव्हिटी (उदाहरणार्थ ८६ डेसिबल) आणि अ‍ॅम्पची शिफारस (‘२० ते १०० वॅट’ असं काहीतरी).

सेन्सिटिव्हिटीचा आकडा कशावर मोजला आहे तेही बघा. बहुतेक कंपन्या २.८३ व्होल्ट देऊन एक मीटरवर मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढेच व्होल्ट २ वॅट ओततात. म्हणून ‘८८ डेसिबल, २.८३ व्होल्ट, ४ ओहम’ असा स्पीकर एका वॅटला ८५ डेसिबलच देतो. जाहिरातीत तो ८७ डेसिबलच्या ८ ओहमवाल्यापेक्षा वरचढ दिसतो. खरं तर दोन डेसिबलने मागे आहे.

अ‍ॅम्पच्या पाटीवर किंवा माहितीपुस्तिकेत हे शोधा: दर चॅनेलला किती वॅट आरएमएस (म्हणजे सलग देता येणारे), किती ओहमवर, किती डिस्टॉर्शनला आणि दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना की एकच. ‘८० वॅट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल’ हा आकडा आणि ‘५० वॅट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०५ टक्के, दोन्ही चॅनेल’ हा आकडा यांत प्रत्यक्षात दुसरा अ‍ॅम्प दमदार असण्याची शक्यता जास्त. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज उघड फाटलेला असतो. पीएमपीओ (जाहिरातीतले फुगवलेले क्षणिक कमाल वॅट) लिहिलेलं असेल तर तो आकडा खोडून टाका, त्याच्यामागे कुठलंही मान्य मोजमाप नाही.

छोट्या क्लास-डी बोर्डांचा खरा दम अ‍ॅडॅप्टरवरून कळतो. हे बोर्ड बहुधा ब्रिज पद्धतीचे असतात, म्हणजे स्पीकरची प्लस आणि मायनस दोन्ही टोकं चालवतात, त्यामुळे स्पीकरला फार तर पुरवठ्याइतकं शिखर-व्होल्टेज मिळतं. पुरवठ्याच्या व्होल्टचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुप्पटीने भागा. ८ ओहमला १२ व्होल्टवर ९ वॅट, लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर साधारण २२ वॅट, २४ व्होल्टवर ३६ वॅट. ही वरची हद्द. हातात याहून थोडं कमीच पडतं. बोर्डावर ‘५०+५०’ छापलेलं असू दे. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर मुळात २४ वॅटचा आहे, तो १०० वॅट आणणार कुठून?

सावध: लग्नकार्यात, मंदिरात वापरतात त्या पीए (सार्वजनिक कार्यक्रमांच्या) अ‍ॅम्पवर ४, ८, १६ ओहमच्या शेजारी ७० व्होल्ट आणि १०० व्होल्टची टर्मिनलं असतात. ती लाइन ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या हॉर्न आणि कॉलम स्पीकरसाठी आहेत. घरचा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टच्या टर्मिनलला लावलात तर स्पीकर तरी जाईल नाहीतर अ‍ॅम्प.

## पायरी २: स्पीकर स्वतः मोजा

पाटी निघून गेलेली असते, खोटी असते, किंवा आतला वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर) कोणीतरी बदललेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत ‘८ ओहमचाच आहे’ असं सांगून मिळालेल्या स्पीकरबाबत तर मोजल्याशिवाय विश्वास ठेवूच नका.

१. स्पीकरची वायर पूर्ण सोडवा. अ‍ॅम्पला जोडलेला असताना ओहम मोजायचे नाहीत.

२. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. ०.२ ते ०.५ असा काही आकडा दिसेल. तो मीटरच्या वायरींचा रोध आहे. पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा.

३. टोकं स्पीकरच्या टर्मिनलला लावा. आकडा स्थिर होऊ द्या. कोनाला हात लावू नका, कोन हलला की आकडा नाचतो.

मीटर डीसी रोध दाखवतो आणि तो छापील इम्पिडन्सपेक्षा नेहमी कमी असतो. साडेपाच ते सात आलं तर स्पीकर ८ ओहमचा धरा, चार ते पाच आलं तर ६ ओहमचा, तीन ते पावणेचार आलं तर ४ ओहमचा. ‘८ ओहम छापलंय आणि ६ येतंय’ म्हणून स्पीकर परत करायला निघालेले लोक दिसतात. तो स्पीकर अगदी ठणठणीत असतो.

अडीचच्या आसपास किंवा खाली आलं तर थांबा. बंद पडलेल्या ५.१ होम थिएटरचे छोटे स्पीकर बरेचदा ३ ओहमचे असतात, कारण ते फक्त त्याच डब्यातल्या अ‍ॅम्पसाठी बनवलेले असतात. ‘ब्रँडेड आहेत, फुकट पडलेत’ म्हणून ते ८ ओहमच्या अ‍ॅम्पला लावणं ही आपल्याकडची फार नेहमीची चूक.

मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली वायर तुटली आहे, वूफरची कॉइल जळली आहे किंवा टर्मिनलमागची पितळी पट्टी गायब आहे. चार टर्मिनलच्या स्पीकरमध्ये वरची आणि खालची जोडी या पट्ट्यांनी जोडलेली असते. पट्टी हरवली तर नुसता वूफर किंवा नुसता ट्वीटर वाजतो.

तपासा: मीटरचा आकडा बरोबर आला म्हणजे ट्वीटर जिवंत आहे असं नाही. ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर असतो, डीसी त्यातून जात नाही, त्यामुळे मीटरला ट्वीटर दिसतच नाही. त्याची खात्री आठव्या पायरीत कान लावून करायची.

जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कडाही बोटाने हलके दाबून बघा. दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीला, हा फोम चिकट होऊन भुगा होतो. चार बोटांनी कोन सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. असा स्पीकर दुरुस्त झाल्याशिवाय अ‍ॅम्प निवडायला बसू नका.

## पायरी ३: ओहमचा हिशेब

ओहम कमी म्हणजे करंट जास्त. अ‍ॅम्प २० व्होल्ट देत असेल तर ८ ओहममध्ये अडीच अँपिअर जातात आणि ५० वॅट होतात. ४ ओहममध्ये ५ अँपिअर, १०० वॅट. २ ओहममध्ये १० अँपिअर. स्पीकर मागेल तेवढा करंट द्यायचा ट्रान्झिस्टर प्रयत्न करत राहतो, त्यात तापतो आणि एका मर्यादेनंतर जातो. म्हणून नियम एवढाच: स्पीकरचे ओहम अ‍ॅम्पवर छापलेल्या किमान ओहमइतके किंवा त्याहून जास्त हवेत. ४ ते १६ ओहम लिहिलेल्या अ‍ॅम्पला ८ ओहमचा स्पीकर खुशाल लावा. आवाज थोडा कमी मिळेल, नुकसान काही नाही. उलटं मात्र करू नका.

छापील ओहम हा ढोबळ आकडा असतो. खरा इम्पिडन्स स्वरागणिक बदलतो आणि प्रचलित मानकानुसार तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली नको आणि ४ ओहमचा ३.२ च्या खाली. सगळेच उत्पादक हे पाळत नाहीत. परीक्षणात किंवा माहितीपत्रकात ‘किमान इम्पिडन्स’ दिलेला असेल तर तोच खरा धरून चाला.

४ ओहमचे स्पीकर असतील तर अ‍ॅम्पच्या माहितीत ४ ओहमवरचे वॅट स्वतंत्र दिलेत का ते बघा. ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ८० लिहिलं असेल तर त्याचा पॉवर सप्लाय खंबीर आहे. ४ ओहमचा उल्लेखच नसेल तर कंपनीने तो त्यासाठी बनवलेला नाही असं समजा. विक्रेता काहीही म्हणो.

ए आणि बी असे दोन संच लावायची सोय असते तिथे सगळ्यात जास्त अ‍ॅम्प मरतात. ‘ए+बी’ दाबलं की बहुतेक अ‍ॅम्पमध्ये दोन्ही जोड्या पॅरलल होतात, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडल्या जातात. ८ आणि ८ मिळून ४ ओहम. ६ आणि ६ मिळून ३. ८ आणि ४ मिळून २.७. अ‍ॅम्पच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘ए किंवा बी: ४ ते १६, ए+बी: ८ ते १६’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, दोन्ही जोड्या एकदम वाजवायच्या असतील तर प्रत्येक स्पीकर ८ ओहमचा हवा.

यावर कोणीतरी ‘मग सिरीजमध्ये जोडा’ (एकामागे एक) असं सुचवतो. अगदी एकसारखे दोन स्पीकर असतील तर ते सुरक्षित आहे. वेगवेगळे असतील तर दोघांचे इम्पिडन्स स्वरागणिक वेगळे हलतात, व्होल्टेजची वाटणी त्याप्रमाणे बदलते आणि दोघांचाही आवाज बिघडतो. अ‍ॅम्प वाचतो, ऐकायला मजा राहत नाही.

मागे ४/८ ओहमचा खटका असेल तर तो फक्त अ‍ॅम्प बंद असताना, पिन काढून बदलायचा.

## पायरी ४: वॅट किती लागतात

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की हा हिशेब तोंडी होतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ४० वॅटचा अ‍ॅम्प काढून ६० वॅटचा घेतला तर पावणेदोन डेसिबल पदरात पडतात. डोळे मिटून ऐकलं तर फरक जेमतेम कळेल.

### कागदावरचा अंदाज

स्पीकरपासून तीन मीटरवर, बारा-बाय-सोळा फुटांच्या हॉलमध्ये बसायचं असं धरू. मोकळ्या मैदानात तीन मीटरवर साडेनऊ डेसिबल गळतील. पण दोन स्पीकर आणि भिंतींवरून परत येणारा आवाज यांमुळे त्यातले निम्मे भरून निघतात. तेव्हा सेन्सिटिव्हिटीतून ५ वजा करा: ८६ डेसिबलचा स्पीकर तुमच्या कानाशी दर बाजूला १ वॅटला ८१ डेसिबल देईल.

घरात मोठ्याने ऐकण्याची सरासरी पातळी ८० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे सरासरीला एक वॅटही पुरतो. वॅट लागतात ते शिखरांना. तबल्याची थाप, लावणीतली ढोलकी किंवा संबळ सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उडी घेतात. ९८ डेसिबलची शिखरं धरली तर ८१ वरून १७ डेसिबल चढायचे आहेत, म्हणजे पन्नासपट: ५० वॅट. त्याच हॉलमध्ये ९० डेसिबलच्या स्पीकरला १३ डेसिबल, म्हणजे २० वॅट लागतील. ८३ डेसिबलच्या छोट्या बुकशेल्फला २० डेसिबल, म्हणजे १०० वॅट.

एकच खोली, एकच ऐकणारा, आणि गरज २० पासून १०० वॅटपर्यंत. म्हणूनच ‘माझ्या हॉलला किती वॅट?’ या प्रश्नाला स्पीकर सांगितल्याशिवाय उत्तर नसतं. आणि दिसायला छोटा स्पीकर म्हणून छोटा अ‍ॅम्प, ही समजूत बरोबर उलटी आहे.

### मोजून काढलेली गरज

घरात सध्या एखादा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प चालू असेल तर अंदाजाची गरज नाही. ही मोजणी अर्ध्या तासात होते आणि हजारो रुपये वाचवते.

१. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये १०० हर्ट्झचा साइन टोन तयार करा. अ‍ॅम्प्लिट्यूड ०.२५ ठेवा. ही पातळी कमाल डिजिटल पातळीच्या १२ डेसिबल खाली, म्हणजे व्होल्टेजमध्ये बरोबर एक चतुर्थांश असते.

२. बास, ट्रेबल मधोमध ठेवा, लाउडनेस बंद करा. नेहमीच्याच साधनावरून नेहमीची गाणी लावा आणि आवाज तुम्ही कधीही जितका मोठा ठेवाल तितका मोठा करा. फाटायला लागला तर थोडा मागे घ्या.

३. गाणं थांबवा. व्हॉल्यूमच्या नॉबला हात न लावता अ‍ॅम्प बंद करा, पिन काढा आणि स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पकडून सोडवा.

४. अ‍ॅम्प पुन्हा चालू करा, त्याच साधनावरून, तिथल्याही व्हॉल्यूमला हात न लावता टोन वाजवा. स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा.

५. आलेल्या आकड्याला ४ ने गुणा, त्याचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमने भागा.

समजा २.४ व्होल्ट आले. चौपट ९.६, वर्ग ९२, भागिले ८ म्हणजे साडेअकरा वॅट. याहून मोठा अ‍ॅम्प तुमच्या ऐकण्यात काहीही भर घालणार नाही. दोन-अडीचपट राखीव धरून २५ ते ३० वॅटचा चांगला अ‍ॅम्प घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरवर घाला. ज्या अ‍ॅपवरून ऐकता त्यात आवाजाची पातळी एकसारखी करण्याची सोय चालू असेल तर खरी गरज या आकड्यापेक्षाही थोडी कमीच असते.

सावध: व्हॉल्व्ह म्हणजे ट्यूब अ‍ॅम्पवर ही मोजणी करू नका. स्पीकरशिवाय सिग्नल दिला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

### छोटा अ‍ॅम्प धोक्याचा की मोठा?

स्पीकरवर ‘१०० वॅट’ लिहिलेलं असतं तो त्याच्या सहनशक्तीचा आकडा आहे, भुकेचा नव्हे. १०० वॅटच्या स्पीकरला ३० वॅटचा अ‍ॅम्प चालतो, जोपर्यंत तुम्ही तो त्याच्या मर्यादेत वापरता. मर्यादा ओलांडली की लाटेचे माथे छाटले जातात. माथे छाटलेल्या आवाजाची सरासरी ताकद वाढते आणि त्यात मूळ गाण्यात नसलेले वरचे स्वर मिसळतात. दोन्हींचा भार शेवटी ट्वीटरवर येतो, आणि ट्वीटरची सलग सहनशक्ती मोजक्या वॅटचीच असते. मोठा अ‍ॅम्प अशाने ट्वीटर जाळत नाही. पण हातात भान नसेल तर तो वूफर फाडतो.

स्पीकरच्या शिफारशीचा मधला ते वरचा पट्टा हा रास्त सौदा. ‘२० ते १००’ असेल तर ५० ते ८० वॅट.

बासचा नॉब या हिशेबात कोणी धरतच नाही. बास ६ डेसिबलने चढवला की खालच्या स्वरांना चौपट वॅट लागतात, १० ने चढवला की दहापट. नेहमी बास पूर्ण फिरवून ऐकायची सवय असेल तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. आधी स्पीकर भिंतीच्या जवळ सरकवून बघा, बास फुकटात वाढतो.

## पायरी ५: स्पीकर न जोडता अ‍ॅम्प तपासा

नवा, वॉरंटीतला अ‍ॅम्प असेल तर सरळ पुढच्या पायरीकडे जा. जुन्यासाठी हे चुकवू नका. ट्यूब अ‍ॅम्प तेवढा इथेही वगळा.

सगळ्यात आधी मेन्सचं व्होल्टेज. जपानमधून आलेला जुना अ‍ॅम्प १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला १२० चा. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावला की पहिल्या क्षणी संपला. त्याला पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

मग सिरीज बोर्डवर अ‍ॅम्प लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका.

बल्ब मंद झाला की अ‍ॅम्प थेट मेन्सवर लावा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, दहा मिनिटं चालू राहू द्या. रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) ‘टक’ आवाज झाल्यावर प्रत्येक चॅनेलच्या प्लस-मायनसवर डीसी मोजा. आधी २० व्होल्टच्या रेंजवर, आकडा शून्याजवळ असेल तर २०० मिलिव्होल्टवर. ५० मिलिव्होल्टपर्यंत चांगलं. १०० च्या वर गेलं तर कारागिराला दाखवा. काही व्होल्ट आले तर आउटपुटमध्ये बिघाड आहे आणि स्पीकर जोडताच वूफरची कॉइल भाजून निघेल.

## पायरी ६: वायर

इथे लोक एक तर हजारो रुपये उडवतात नाहीतर बेल वायर वापरतात. निकष साधा आहे: जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही तारांचा मिळून रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांखाली हवा. ८ ओहमला ०.४, ४ ओहमला ०.२.

स्पीकर ५ मीटरवर असेल, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर, तर शुद्ध तांब्याच्या वायरचा रोध असा:

- ०.७५ स्क्वेअर एमएम: ०.२३ ओहम
- १ स्क्वेअर एमएम: ०.१७ ओहम
- १.५ स्क्वेअर एमएम: ०.११ ओहम
- २.५ स्क्वेअर एमएम: ०.०७ ओहम

म्हणजे घरगुती अंतरासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली बहुतारी १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर पुरते. ४ ओहमचे स्पीकर दहा मीटरवर असतील तर २.५ घ्या. ‘स्पीकर वायर’ म्हणून मिळणाऱ्या पारदर्शक वायरीत बरेचदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो आणि तिचा रोध साधारण दीडपट. एक तार ब्लेडने खरवडा; तांब्याखाली चांदीसारखा पांढरा धातू दिसला तर ती तीच.

## पायरी ७: जोडणी

१. अ‍ॅम्पची पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

२. वायर १० ते १२ मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा. एकही तार बाहेर लोंबकळू देऊ नका. शेजारच्या टर्मिनलला टेकलेली एक बारीक तार आउटपुट शॉर्ट करायला पुरते.

३. स्पीकरकडचं टोक आधी जोडा. लाल प्लस, काळा मायनस. दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतील तर प्लसला टेप लावून खूण करा.

४. अ‍ॅम्पकडचं टोक जोडण्याआधी त्या मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर लावा.

तपासा: पायरी २ मधलाच आकडा, फार तर ०.१-०.२ जास्त, आला पाहिजे. शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच आलं नाही तर वायर तुटली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.

५. ध्रुवतेसाठी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर आहेत का हे बघायला, याच टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. वूफरचा कोन बाहेर सरकला पाहिजे. आत गेला तर तारा उलट्या आहेत. दोन्ही स्पीकरवर करा.

६. आता अ‍ॅम्पला जोडा.

सावध: ब्रिज पद्धतीच्या क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे. डाव्या-उजव्याचे मायनस एकत्र करून तीन तारांत काम भागवलंत किंवा मायनस चेसिसला जोडलात तर बोर्ड तिथेच जाईल. जुन्या डेकची तीन-तारी फिटिंग तशीच वापरायला गेलेल्यांकडून हे घडतं.

## पायरी ८: पहिल्यांदा चालू करताना

व्हॉल्यूम शून्य. आधी सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) चालू, मग अ‍ॅम्प. बंद करताना उलट: अ‍ॅम्प आधी. साधन चालू-बंद होताना येणारा धक्का स्पीकरपर्यंत जाऊ नये म्हणून.

हळू आवाजात एका वेळी एक बाजू ऐका. ट्वीटरजवळ कान नेऊन झांजा, तंबोऱ्याचा झंकार ऐकू येतो का बघा. इथे आवाज लहानच ठेवा. मग मोनो केलेलं (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं) गाणं लावा. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध एका जागी ऐकू यायला हवा. तो पसरट, डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटला आणि बास पोकळ झाला तर एका बाजूची ध्रुवता उलटी आहे.

व्हॉल्यूमचा नॉब वॅट दाखवत नाही. बऱ्याच अ‍ॅम्पना पूर्ण ताकदीसाठी पाव व्होल्टही पुरतो, आणि सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. त्यामुळे नॉब मध्यावर येण्याआधीच अ‍ॅम्प संपलेला असू शकतो. ‘अजून अर्धा नॉब बाकी आहे’ हा समज बऱ्याच ट्वीटरांना भोवतो. झांजा किरकिऱ्या झाल्या, थापेचा ठोसा बोथट झाला, नॉब फिरवूनही आवाज फारसा वाढेना, यातलं काहीही जाणवलं की मागे फिरा.

अर्धा तास वाजवून अ‍ॅम्पच्या माथ्यावर हात ठेवा. कोमट ते गरम चालेल. हात टेकवत नसेल तर ओहम पुन्हा मोजा.

## पायरी ९: प्रोटेक्शनमध्ये जात असेल तर

केव्हा जातो त्यावरून कारण कळतं.

स्पीकर सोडवूनही चालू करताच जातो: बिघाड अ‍ॅम्पमध्ये आहे, कारागिराकडे न्या. स्पीकर जोडल्यावरच लगेच जातो: वायरमध्ये किंवा टर्मिनलवर शॉर्ट, एकेक बाजू सोडवून कोणती ते शोधा आणि पायरी ७ मधली मोजणी पुन्हा करा. फक्त मोठ्या आवाजात, बासच्या ठोक्यावर जातो: ओहम कमी पडताहेत किंवा पुरवठा दुबळा आहे. ‘ए+बी’ चालू असेल तर एक जोडी बंद करून बघा. छोट्या बोर्डाला जास्त अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावून बघा.

तासाभराने जातो, थंड झाल्यावर पुन्हा चालतो: उष्णता. टीव्ही युनिटच्या बंद खणात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेल्या अ‍ॅम्पचं एप्रिल-मे महिन्यांत हेच होतं. वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, खणाची मागची फळी काढा. एवढं करूनही जात असेल तर स्पीकर ४ ओहमचे आहेत का ते पुन्हा बघा. प्रोटेक्शन टाळण्यासाठी आतला फ्यूज मोठा बसवणं किंवा रिले बायपास करणं हा उपाय कोणी सुचवला तर त्याच्याकडे अ‍ॅम्प देऊ नका.